विहीर नसलेलं पुस्तक

विहीर सापडत नव्हती.

मस्तगडातल्या छापखान्याच्या वरची खोली, भर उन्हाळा, लाइट गेलेली, आणि शेठच्या हातात ते नवंकोरं मराठी भाषांतर. तिसरं प्रकरण संपलं, चौथं संपलं, पाचवं अर्ध्यावर आलं तरी विहीर येईना. मी दर दोन पानांनी विचारत होतो, "आली का?" शेठ चष्म्यावरून माझ्याकडं बघत आणि पुढं वाचत. शेवटी मी पुस्तक त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं आणि स्वतः पानं उलटायला लागलो. मला दम नाही, कधीच नव्हता. बसल्या जागी पाय हलवायची सवय आहे. बायको म्हणते, अशानं घरात लक्ष्मी टिकत नाही. ती टिकलेली नाही, त्यामुळं बायकोला खोटं पाडायची सोयही नाही.

"मास्तर, जरा सबर करा," शेठ म्हणाले. "येईल. पळून कुठं जाणार विहीर?"

पण विहीर पळूनच गेली होती. मी पुस्तकाच्या शेवटापर्यंत पानं चाळली. रॉकेट होतं, यंत्रं होती, लालसर धूळ होती. विहीर नव्हती, आणि ज्या विहिरीसाठी आम्ही वीस वर्षांनी पुन्हा एकत्र बसलो होतो तीच जर पुस्तकात नसेल, तर मग आम्ही इथं घामाच्या धारा काढत कशाला बसलो होतो?

आम्ही चौघं लिहिणारे. म्हणजे आम्हीच एकमेकांना लिहिणारे म्हणायचो. जालन्यात दुसरं कोणी म्हणत नव्हतं. मी शाळामास्तर, गोष्टी लिहितो. शेठचं घराणं राजस्थानातून कितीतरी पिढ्यांपूर्वी आलेलं, मोंढ्यात धान्याची आडत. पण या एकाच पोराला अक्षरांचा नाद लागला, म्हणून त्यांनी आडतीत न बसता छापखाना काढला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं छापायचे आणि उरलेल्या वेळात एकांकिका लिहायचे. ताई जांब समर्थच्या जवळच्या खेड्यातल्या, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, कविता करायच्या. आणि चौथा बदनापूरचा. शेतकरी घरातला, तिथल्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या प्लॉटवर काम करायचा, रविवारी पॅसेंजरनं जालन्याला यायचा. त्याला आम्ही बदनापूरवालाच म्हणायचो. तोही तेव्हा लिहायचा. पुढं त्यानं सोडून दिलं. का सोडलं, ते आम्ही कधी विचारलं नाही. नोकरी, लग्न, शेती. माणसं लिहिणं सोडतातच.

पहिल्यांदा ते पुस्तक आलं तेव्हा जालना नुकताच जिल्हा झाला होता आणि आम्हा सगळ्यांना विज्ञानकथेचं वेड लागलं होतं. छापखान्यात प्रूफं काढायला शेठ रद्दी विकत घ्यायचे. त्या रद्दीत एक इंग्रजी पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर तांबडा ग्रह आणि डालड्याच्या डब्यासारखं रॉकेट. ताईंनी नाव वाचलं आणि ओरडल्याच, की ही तर फार गाजलेली जुनी कादंबरी आहे, जगभर वाचतात. आम्ही ती पालथी घातली, उलटी केली, वास घेतला. वाचता मात्र कोणालाच येईना. माझं इंग्रजी तेव्हा 'माय फादर इज अ फार्मर'च्या पुढं सरकलेलं नव्हतं. शेठ मॅट्रिक, तेही गणिताच्या जोरावर. ताईंना नावं वाचता यायची, आत शिरायचं धाडस नव्हतं.

मग सगळ्यांनी बदनापूरवाल्याकडं पाहिलं. तो शेतकीचा डिप्लोमा झालेला. त्याच्या केंद्रातले साहेबलोक दिवसभर इंग्रजीतच बोलतात, असं तोच सांगायचा. तो म्हणाला, "बघतो ना. त्याला काय हाय."

ठरलं असं, की त्यानं पुस्तक समोर धरायचं, इंग्रजी डोळ्यांनी वाचायचं आणि मराठीत मोठ्यानं सांगायचं. दर रविवारी एक प्रकरण. बाकीचे नियम ताईंनी आणले. त्यांचे वडील गावच्या देवळात ग्रंथ वाचायचे. तिथली रीत अशी, की वाचणाऱ्याशिवाय पोथीला कोणी हात लावायचा नाही, अध्याय संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही, आणि बोललंच तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून. आम्ही थट्टेथट्टेत हे सगळं उचललं आणि मग थट्टा विसरून पाळायला लागलो. शेठच्या आईनं लाल कापड दिलं. त्या कापडात ते रॉकेट गुंडाळून बदनापूरवाला आपल्या पिशवीतून न्यायचा, आणायचा. वाचणाऱ्याला घरून तयारी करावी लागते, तेव्हा पुस्तक त्याच्याकडंच राहणार हे उघड होतं.

गोष्ट अशी होती. दूरच्या ग्रहावर माणसांची वस्ती गेलेली. पृथ्वीवरून निरोप यायचे थांबलेले, सोबत आणलेलं पाणी संपत आलेलं. वस्तीत एक म्हातारा पाणाड्या, जमिनीतलं पाणी ओळखणारा. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून त्या तांबड्या माळावरून चालायचा. एका जागी नारळ उभा राहिला. तिथं खणायला सुरुवात झाली. मुरूम लागला, मग खडक लागला, सुरुंग लावले, पाण्याचा टिपूस नाही. आणि एक दिवस पहार मारणाऱ्यांना खालून आवाज आला. कोणीतरी खालून खणत होतं. हे थांबले की ते थांबायचे. यांनी पहार मारली की खालून पहार यायची. वस्तीत दोन तट पडले, विहीर बुजवा म्हणणारे आणि खणा म्हणणारे. महिनाभर भांडणं, मारामाऱ्या. शेवटी म्हातारा म्हणाला, "आरं, दमानं घ्या. खंदतोय म्हंजी त्याला बी हात हायेत." खणत राहिले. खडकाचा शेवटचा पापुद्रा फुटला आणि त्या भोकातून एक हात वर आला. हातात तांब्या होता, आणि तांब्या रिकामा होता. ते बिचारेही पाणीच शोधत होते.

त्या रविवारी कोणी चहाचं नाव काढलं नाही. माझासुद्धा पाय हलायचा थांबला होता.

आता तुम्ही हसाल. हसाच. दुसऱ्या ग्रहावर नारळ कुठून आला, परकी माणसं तांब्या कशी वापरतात, हे चार शिकल्यासवरल्या माणसांतल्या एकालाही सुचलं नाही. कारण अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि संपल्यावर बोलायची कोणाला शुद्ध नसायची. उलट शेठ म्हणाले, "भाषांतर असावं तर असं. बिलकुल आपल्या घरचं वाटलं पाहिजे." मी म्हणालो, खरा मोठा लेखक देश बघत नाही.

त्या विहिरीवर आम्ही सगळे जगलो. ताईंची रिकाम्या तांब्याची कविता पुढं चार ठिकाणी छापून आली. शेठनी एकांकिका केली. माझी गोष्ट एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेत पहिली आली, त्यातही एक विहीर होती आणि एक आवाज होता. गोष्टीच्या खाली मी त्या इंग्रजी लेखकाचे जाहीर आभार मानले होते. बक्षीस घेताना औरंगाबादला व्यासपीठावरूनही मानले. प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या मिळाल्या.

नंतर बैठका विरळ झाल्या आणि थांबल्या. ज्याचा त्याचा संसार. एकविसावं शतक लागलं तेव्हा आमच्यातलं कोणी फारसं लिहीत नव्हतं आणि माझी तर नुसती तगमग चालली होती. दोन वर्षं एक कादंबरी घेऊन बसलो होतो, पान चाळीसच्या पुढं सरकत नव्हती. रोज सकाळी उठून तीच चाळीस पानं वाचायची आणि चिडचिड करायची. अशात ताईंचा निरोप आला: ती कादंबरी मराठीत आली आहे, पुन्हा एकदा एकत्र वाचू या का? मला वाटलं, हेच औषध. ती विहीर पुन्हा ऐकली की माझ्या आतही काहीतरी फुटेल.

बदनापूरवाल्याला मी स्वतः फोन केला. त्यानं पुस्तकाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मराठीत आली का? पुरी?"

"पूर्ण. एक ओळ न गाळता, असं छापलंय वर."

"बरं. येतो ना मंग."

आला. केस पांढरे, अंगानं सुटलेला, खिशात सुपारीची डबी. वाच म्हटलं तर नको म्हणाला. "आता काय, मराठीत हाय. कोणी बी वाचंल." म्हणून शेठ वाचायला बसले. त्या वाचनात पूर्वीची शांतता नव्हती. गावाला नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळं प्रत्येकाचा एक कान खालच्या गल्लीकडं. "पाणी आलं" अशी हाळी आली की शेठ वाक्य अर्धं सोडून जिना उतरायचे. मी घड्याळ बघायचो. बदनापूरवाला खिडकीपाशी बसून बाहेर बघायचा आणि सुपारी कातरायचा. कातरलेली खातही नव्हता, नुसती डबीत भरून ठेवायचा.

आणि विहीर येत नव्हती. नारळवाला म्हातारा आला नाही तेव्हाच मी कुरकुरलो होतो. विहीरही नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. भाषांतरकाराला मी तोंडाला येईल ते बोललो. न्हाव्यानं दाढी करताना मिशीही उतरवावी तसं केलंय म्हणालो. प्रकाशकाला खरमरीत कार्ड टाकतो म्हणालो.

"आधी मूळ पुस्तक बघू," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडंच होतं ना ते?"

बदनापूरवाल्यानं डबी खिशात घातली. "वाळवीनं खाल्लं," तो म्हणाला आणि उठला. गाडीला अजून तासभर होता. तरी जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी म्हणालो, त्याला आता साहित्यात रस उरलेला नाही, तुरीत आहे. ताईंनी तोवर औरंगाबादहून ओळखीनं मूळ इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. मधल्या काळात मी बाहेरून बी.ए. केलं होतं, इंग्रजी घेऊन. शाळेला सुट्ट्या होत्या. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही, जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेवलं नाही. पाण्याची टंचाई त्यात होती. वस्तीतले लोक एक यंत्र आणतात, यंत्र जमिनीला भोक पाडतं, पाणी लागतं. तीन ओळी. त्यानंतर सगळी कथा रॉकेटच्या दुरुस्तीची. भाषांतरकार बिचारा अगदी इमानदार होता.

मी तडक मस्तगडात गेलो. ताईही तिथंच होत्या. मी म्हणालो, "विहीर इंग्रजीतही नाही."

  मग शेठना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर! अहो, नारळ! परग्रहावर नारळ! आपण एकदा बी विचारलं न्हाई! तो पाणाड्या बदनापूरचा होता हो!" मीही हसायला लागलो. वीस वर्षं एका गोऱ्या माणसाचे आभार मानत फिरलो होतो, हसणार नाही तर काय करणार.

ताई हसल्या नाहीत. "बदनापूरवाले यायचे का थांबले, ते कळलं का आता?" त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतंय, आपण त्यांना पकडलं."

मग मात्र मला बसवेना. तो माणूस तिकडं चोरासारखा तोंड लपवून बसलाय आणि आपण इकडं हसतोय. दुसऱ्या दिवशी मिळाली ती गाडी धरून मी बदनापूरला गेलो. तो केंद्रावर बियाण्याच्या गोदामाबाहेर लिंबाखाली उभा होता, कोणाला तरी पोती मोजून देत होता. मला पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर कसलंच आश्चर्य दिसलं नाही. हातातलं काम दुसऱ्यावर सोपवून आला. "चल, चहा घेऊ," म्हणाला आणि मला सरळ स्टेशनावर घेऊन गेला, जसं काही मला परत पाठवायची घाई होती. फलाटावरच्या बाकावर बसलो.

"कळलं ना?" त्यानं विचारलं.

"कळलं."

"लई हसले आसतील."

"शेठ हसले. मीही हसलो. पण तसं नाही रे..."

"हसनारच ना. मी बी हसलो असतो." चहाचा कप त्यानं दोन्ही हातांत धरला. "पहिलं प्रकरण बराबर केल्तं मी. डिक्शनरी घेऊन बसल्तो. आठवडा गेला पुरा. दुसऱ्याला हात घातला तर एक ओळ समजंना. मशीनीचे शब्द, आभाळातले शब्द. रविवार तर आलाच. म्हणलं, जावंच न्हाई. मंग म्हणलं, न्हाई गेलो तर पुस्तक दुसऱ्या कोणाला देतील. आलो, कापड सोडलं, आन तुम्ही तिघं बघून राह्यले माझ्या तोंडाकडं. मंग जे आलं ते सांगत गेलो. पानं तेवढी टायमावर उलटत होतो."

"आणि विहीर? खालून खणणारे?"

"ते?" त्याला किंचित हसू आलं. "आमच्या मळ्यात विहीर खंदत होते. बांधाच्या पल्याड चुलत्यानं बी काढली, त्याच टायमाला. भांडण होतं ना. आम्ही पहार मारली की खडकातून त्यांची पहार ऐकू यायची. आमचे थांबले की त्यांचे थांबायचे. दोन्हीला बी पाणी लागलं न्हाई. ते आडवं होतं, मी उभं केलं, एवढंच."

हे ऐकून मी उडालोच. बाकावर बसवेना, उभा राहिलो. त्याला म्हणालो, अरे वेड्या, तुला कळतंय का तू काय केलंयस? आत्ता लिहायला बस. तू नुसतं सांग, मी उतरून घेतो. शेठ छापतील, ताई प्रूफं बघतील, तुझ्या नावानं पुस्तक येईल. मी किती वेळ बोलत होतो कोण जाणे. त्यानं मला पुरतं बोलू दिलं. अध्याय संपल्यावर बोलायची सवय त्याची अजून गेली नव्हती.

मग म्हणाला, "मी दोन गोष्टी आणल्त्या त्या टायमाला. माझ्या. वाचून दाखवल्त्या. आठवतं का?"

अंधुक आठवत होतं.

"तू काय म्हणला मंग?"

ते मला आठवत नव्हतं.

"तू म्हणला, गोष्टी ठीक हायेत. पण तू दर रविवारी एवढं मोठं पुस्तक वाचून राह्यला, त्याच्यातून शिकला काय? शेठ म्हणले, बराबर हाय. ताई काही बोलल्या न्हाईत. मंग मी कापड सोडलं आन त्या हाताचं प्रकरण सांगितलं. तांब्याचं. तू म्हणला, बघ, याला म्हणतात लिहिणं."

गाडीची घंटा झाली. मी उभाच होतो, तो खाली बसून माझ्याकडं बघत होता. मला आधी त्याचाच राग आला. "मग तेव्हाच का नाही बोललास? तोंड नव्हतं का तुला?"

"काय बोलू? मला बी ते बराबरच वाटलं. पुस्तकातलं चांगलंच होतं ना. पुस्तक उघडं असलं की मी नसायचो तिथं, पुस्तकवाला बोलायचा. घरी येऊन माझ्या नावानं लिहायला बसलो की तसं येईना. मंग सोडून दिलं." कप खाली ठेवून म्हणाला, "तुझी बक्षिसाची गोष्ट वाचल्ती मी. खाली त्या गोऱ्याचे आभार होते."

मी बसलो. 

"त्या दोन गोष्टी," त्यानं विचारलं, "कशावर होत्या, आठवतं का तुला?"

मी आठवायचा प्रयत्न केला, खरोखर केला. विहीर मी झोपेतून उठवलं तरी शब्दन्‌ शब्द सांगेन. त्या दोन गोष्टींतला एक माणूस, एक वाक्य, काही म्हणजे काही आठवेना.

"न्हाई ना?"

"नाही."

"मला बी न्हाई," तो म्हणाला आणि हसला. "लई विचार केला. फाडून टाकल्त्या त्याच आठवड्यात. आता काहीच याद न्हाई."

मला रडू आलं. चारचौघांत रडायची मला लाज वाटते, म्हणून पाणी प्यायच्या निमित्तानं उठून फलाटावरच्या नळापाशी गेलो. नळाला पाणी नव्हतं. तिथंच पाठ करून उभा राहिलो. गाडी आली तेव्हा डब्यात चढताना त्याला एवढंच म्हणालो, "रविवारी ये." तो म्हणाला, "बघतो."

तो आठवडा मी घरच्यांना भंडावून सोडलं. कादंबरीची चाळीस पानं काढली, वाचली, परत ठेवली. त्यात प्रत्येक पानावर मला कोणातरी मोठ्या लेखकाचा वास येत होता. शेठना आणि ताईंना जाऊन सगळं सांगितलं. ताई खाली मान घालून म्हणाल्या, "मला त्यातली एक आवडली होती. तुम्ही दोघं बोललात, म्हणून मी गप्प बसले." कोणती ते विचारलं तर त्यांनाही आठवेना. शेठ त्या दिवशी एकदाही हसले नाहीत.

रविवारी तो आला. पॅसेंजर उशिरा आली म्हणून उशिरा आला, तोवर मी खिडकी ते जिना अशा येरझारा घालून घालून शेठना घेरी आणली होती. तो जिना चढून आला तेव्हा शेठ गादीवरून उठले आणि त्याला आपल्या जागेवर बसवायला लागले. "भाऊ, आज तुम्ही सांगा. पुस्तक राहू द्या बाजूला. विहिरीपासून सांगा, आम्ही ऐकतो."

"न्हाई," तो म्हणाला आणि खिडकीपाशी आपल्या जागी बसला. "वाचा पुढं."

"अहो पण..."

"मी ते पुस्तक कधी वाचलंच न्हाई ना, शेठ. एवढी वर्षं झाली. मला बी ऐकायचंय, त्यानं शेवट काय केला."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. शेवट मला माहीत होता. तो वाईट नव्हता. उगाच का जगभर नावाजतात. इंग्रजीत वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. हा माणूस एकदा स्वतःच्याच विहिरीपुढं हरला होता. आता खऱ्या लेखकाचा शेवट ऐकून पुन्हा म्हणेल, पुस्तकातलंच चांगलं, आणि उठून जाईल तो कायमचा. मी शेठना खुणावलं, की राहू द्या. पण ताई म्हणाल्या, "वाचा. त्यांना ऐकू द्या."

शेठ शेवटचं प्रकरण काढून वाचायला लागले. रॉकेट दुरुस्त होतं. इतक्या वर्षांनी पृथ्वीवरून निरोप येतो. वस्तीतले अर्धे लोक परत निघतात, अर्धे राहतात, आणि त्या तांबड्या माळावर उभं राहून एकमेकांना हात करतात. मागं राहिलेली एक बाई आभाळात लहान होत जाणारा उजेड बघत राहते. शेठनी ते फार सुंदर वाचलं. खाली गल्लीत पाण्याची हाळी झाली, तरी ते उठले नाहीत. ताईंचे डोळे भरले होते. मी पुस्तकाकडं बघतच नव्हतो, त्याच्याकडं बघत होतो. तो गुडघे जवळ घेऊन, मान वाकडी करून ऐकत होता आणि त्याचे ओठ हलत होते, शेठच्या वाचण्याच्या थोडे पुढं.

प्रकरण संपलं. शेठनी पुस्तक मिटलं. 

"चांगला हाय," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. त्यानं खिशातली डबी काढली, सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं आणि सावकाश चघळलं.

"पण माझा बरा होता."